काका, पुतण्या आणि कप्तान

पत्र जरा कापून देते आहे.

"ताई, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, तीन लेथ आणि एक मिलिंग. वय ५३. प्रश्न वाचून हसू नका. मी सातवीत असताना आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. तिथं मी पहिल्यांदा 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका बघितली. इंग्रजी कळत नव्हतं. लांब कानाचा तो माणूस कधी चिडत नाही, एवढंच कळायचं. पुढं केबल आली, स्टार प्लसवर कप्तान पिकार्ड आला. निर्णय घ्यायच्या आधी टेबलाभोवती सगळ्यांना बसवून ऐकून घ्यायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो. पंचवीस वर्षांत शॉपमधल्या एकाही पोराला मी चारचौघांत बोललेलो नाही.

२०२० साली त्याच्या म्हातारपणावर नवीन मालिका आली. त्यात आमच्या ओळखीच्या पोराचा डोळा उपसून काढला. ॲडमिरल बाई पिकार्डला तोंडावर शिवी देते. स्टारफ्लीट, म्हणजे त्याचं अंतराळदल, भेकड झालेली. तरी तिन्ही सीझन बघितले. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, ते सोडा. बाकीच्या नवीन मालिकाही बघतो आणि चिडतो. एपिसोड झाला की त्याला शिव्या घालणारे व्हिडिओ बघत बसतो, रात्रीचे दोन वाजतात. मंडळी म्हणतात, 'एवढा ताप होतोय तर बघालाय कशाला?'

पुतण्या पुण्यात आयटीत आहे, २७ वर्षांचा. लहानपणी मांडीवर घेऊन त्याला जुने एपिसोड दाखवायचो, तो झोपायचा. आता नवीन मालिका बघून तो स्वतःला ट्रेकी म्हणवतो. दिवाळीत जेवताना म्हणाला, 'काका, मला डिस्कव्हरीच जास्त आवडते.' मी म्हणालो, 'तुला अक्कल नाही, ते स्टार ट्रेकच नाही.' पंधरा माणसं होती. तो ताटावरून उठला नाही, पण दोन महिने फोन नाही. बघायचं सोडून देऊ का? मी म्हातारा झालो का? आणि त्याच्याशी बोलू कसं?
— एक नाराज चाहता"

भाऊ,

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचताना हसले. या सदराकडं वाटणीची पत्रं येतात, सुनांची येतात, लग्न न ठरणाऱ्या मुलांच्या आयांची येतात. अंतराळयानावरून दिवाळीच्या पंगतीत वाजल्याचं हे पहिलंच. दुसऱ्यांदा वाचताना मात्र 'तो ताटावरून उठला नाही' इथं थांबले. उठला असता तर आरडाओरडा झाला असता आणि भाऊबीजेपर्यंत मिटलंही असतं. तो खाली मान घालून जेवला आणि पुण्याला गेला. काका-पुतण्यांचं बिनसणं महाराष्ट्राला पेशवाईपासून ठाऊक आहे, पण तिथं निदान गादी तरी होती.

मी या विषयात अगदीच कोरी नाही. मुलगा शाळेत असताना आमच्याकडंही केबलवर पिकार्ड लागायचा आणि भाकरी थापता थापता मी अर्धा बघायची. तुमच्या पत्रानंतर तीन आठवडे रोज रात्री एक-दोन भाग, जुने-नवे मिळून बघितले. ह्यांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. तेव्हा आता थोडं बोलायचा हक्क मला आलाय असं धरून चालते.

आधी तुमची बाजू, कारण ती खरी आहे. डोळ्याचा तो प्रसंग मी बघितला. इचेब म्हणजे 'व्हॉयेजर' या आधीच्या ट्रेक मालिकेतलं ते शहाणं, हळवं पोरगं, माणसांची यंत्रं करणाऱ्या बोर्गांच्या तावडीतून सुटलेलं. तशाच सुटलेल्या सेव्हननं त्याला आईच्या मायेनं सांभाळलेलं. पिकार्डच्या नव्या मालिकेत पाचवा भाग सुरू होतो तोच त्याला टेबलावर बांधून, भूल न देता, डोळा ओढून काढतात तिथून. सेव्हन पोचते तोवर उशीर झालेला असतो आणि त्याचे हाल संपवायचे म्हणून तिलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. मी टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन आले. पण माझा राग रक्तावर नव्हता. हे पोरगं का मारलं? तर सेव्हनला पुढं सूड घ्यायला निमित्त पाहिजे होतं. बस्स. लग्नाच्या जेवणात कोंबडी कापावी तसं.

आता कुणी म्हणेल, तुम्हा जुन्या लोकांना अंधारच नको असतो. तसं नाही, आणि पुतण्यानं तसं म्हटलं तर त्याला १९९८ साली लागलेला 'डीप स्पेस नाइन' या ट्रेक मालिकेचा तो भाग दाखवा, कप्तान सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढतो तो. खोटे पुरावे बनवून घेतो, तुरुंगातल्या गुन्हेगाराला बाहेर काढतो, लाच देतो, माणसं मरतात. आणि सबंध भागभर तो माणूस आपल्या खोलीत बसून, थेट आपल्याकडं बघत, हिशेब मांडत असतो. मी हे केलं, मग मी ते केलं. शेवटी म्हणतो, मी याच्यासकट जगू शकतो. पुन्हा एकदा म्हणतो. मग सगळी नोंद पुसून टाकायला सांगतो. बघून झाल्यावर मला झोप लागेना. सिस्कोचं पाप तराजूत घातलंय, काटा हलताना दिसतो. इचेबच्या डोळ्याला तराजूच नाही. तुमचं मन दुखलं ते इथं, आणि ते बरोबर दुखलं.

शिवीचं मात्र तुम्ही फार मनावर घेतलंत. कोल्हापूरकरानं शिवी ऐकून दचकावं म्हणजे कमाल झाली; आपल्याकडं ती स्वल्पविरामासारखी वापरतात.

आणि 'स्टारफ्लीट भेकड झाली' हा मुद्दा तर मला उलटा वाटतो. रोम्युलनांचा सूर्य फुटणार, कोट्यवधी लोकांना हलवायचं काम पिकार्डनं अंगावर घेतलेलं, मध्येच मंगळावर हल्ला झाला आणि स्टारफ्लीटनं हात झटकले. हा राजीनामा देऊन द्राक्षबागेत जाऊन बसला. ज्या संस्थेसाठी हयात घालवली तिनंच पाठ फिरवल्यावर माणसानं करायचं काय, आणि बागेत बसून राहण्यात आपलाही भेकडपणा नव्हता का, असं त्याला विचारणारी माणसं भेटतात. पहिल्या दोन-तीन भागांत हे फार चांगलं आलंय. बँकेतून, कारखान्यातून, शिक्षणसंस्थांतून मान खाली घालून निवृत्त झालेली माणसं आपल्या गावात काय कमी आहेत? तो धागा पुढं त्यांच्या हातून निसटला, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात तर कप्तानाला मारून लगेच कृत्रिम देहात परत उभा केला, हे खरं. पण कल्पना वाईट नव्हती.

मग निसटला का? हे तुमच्या भाषेत सांगते, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मोठे दीर उद्यमनगरातच होते, त्यामुळं टर्निंग-बोअरिंग कानांवरून गेलंय. पिकार्डच्या जुन्या जहाजाचे १९८७ ते १९९४ या सात वर्षांत १७८ भाग झाले, बहुतेक वर्षी २६. अमेरिकेत ते गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकायचे. कोण कुठला भाग कधी परत लावेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात मिटायला लागायची. म्हणजे सुटे २६ जॉब. त्यातले चार-पाच रिजेक्ट. टाकले स्क्रॅपमध्ये, लावला पुढचा. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक विसरलं. नव्या मालिकेचा सीझन दहा भागांचा, आणि दहाही मिळून एकच लांब शाफ्ट. चौथ्या भागात कट जास्त बसला की पुढचं सगळं त्या खड्ड्यावरच चालवायचं. त्यातून महिन्याची वर्गणी भरणारा मध्येच उठून जाऊ नये म्हणून दर भागाच्या शेवटी कुणीतरी दारात येऊन उभं राहायला पाहिजे, नाहीतर काहीतरी फुटायला पाहिजे. जुन्या जहाजावर एखादा अख्खा भाग दोन माणसांच्या बोलण्यावर निघायचा, कारण पैसे संपलेले असायचे आणि अजून दहा भाग करायचे असायचे. त्या कडकीतून काही काही फार सुंदर निघालं. लिहिणारी माणसं आता वाईट झालीत असं मला वाटत नाही, त्यांच्या हातातलं कामच वेगळं आहे.

तुमच्या आठवणीतल्या १७८ भागांचंही बघू. मी मुलाला फोन लावून म्हटलं, आवडलेले भाग सांग. अकरा धडाधड सांगितले, बाराव्याला अडकला. बाकीचे १६७ कुठं गेले? त्या पहिल्या सीझनमध्ये एक भाग तर असा आहे की त्यात काम केलेल्या नटांनीच पुढं जाहीरपणे नाकं मुरडली. चांगल्याचं आपण लोणचं घालून ठेवतो आणि नव्या मालिकेपुढं नेमकी तीच बरणी उघडतो. नव्याची अख्खी पाटी, जुन्याची निवडक बरणी, असा सामना लावलाय तुम्ही.

नाराजीही काही २०२० साली जन्माला आली नाही. पहिली मालिका सप्टेंबर १९६६ ची. दुसऱ्या सीझननंतर ती बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीच्या दारात पत्रांचा ढीग घातला. मिळाला तिसरा सीझन. सप्टेंबर १९६८ मध्ये त्याचा पहिला भाग लागला, त्यात काय असावं? तुमच्या त्या लांब कानवाल्याचा मेंदूच चोरीला जातो, आणि बाकीची मंडळी त्याचं धड रिमोटवर चालवत मेंदू शोधत हिंडतात! पत्रं लिहून बोटं दुखलेल्या त्या लोकांचा चेहरा मला बघायचा होता. पुढं १९८७ मध्ये टकलू कप्तान आला, नाव फ्रेंच आणि उच्चार इंग्रजांचे, तेव्हाही 'हे आपलं नव्हे' म्हणणारे होतेच. १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' आलं तर म्हणे यात जहाजच नाही, नुसतं स्थानक, बसल्या जागी कसलं ट्रेक? सिस्कोचा तो भाग त्याच बसल्या जागेतला. आपल्याला कोल्हापुरात हे समजायला अवघड नाही. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, आणि अजून कट्ट्यावर काल गेल्यासारखं बोलतात.

आता एक घरातली गोष्ट सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री मला पहिल्यांदा हीच आठवली होती.

माझे वडील संगीत नाटकाचे. म्हणजे भोगणारे, गात नव्हते, कचेरीत कारकून होते. त्यांच्या लाडक्या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग तिथं लागला तेव्हा मी कॉलेजात होते, मला घेऊन गेले. पाचवी रांग. पदं निम्मी कापलेली, नायिका नवी पोर, आवाज गोड पण पातळ. पहिलंच पद सुरू झालं आणि वडील हळू आवाजात जुनी चाल गुणगुणायला लागले, ती कशी असायला पाहिजे होती तशी. मी कोपर मारलं. थांबले, परत सुरू. पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तिकीट आम्ही तिचं काढलंय." वडिलांचा चेहरा मी अजून विसरले नाही. मध्यंतरात ते बाहेर पडले ते आत आलेच नाहीत. मी हट्टानं शेवटपर्यंत बसले. प्रयोग संपवून आले तर पायरीवर बसलेले, शेजारी वड्याचा तेलकट कागद. म्हणाले, "तिसऱ्या अंकातलं ते पद घेतलं का तिनं?"

"घेतलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. वन्समोअर मिळाला."

थोडा वेळ गप्प. मग, "दुसऱ्या ओळीत श्वास कुठं घेतला?"

मला काय सांगता येणार? बिंदू चौकापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी उठून थिएटरवर जाऊन आले, संध्याकाळी अजून एक प्रयोग आहे का विचारायला. ट्रक भरून कंपनी पहाटेच सांगलीला गेली होती.

वडील मध्यंतरात उठून गेले, यात मला काही गैर वाटत नाही. न आवडलेल्या प्रयोगातून उठायचा हक्क प्रत्येकाला आहे. चुकलं ते आधीचं, त्या गुणगुणण्यात. ती पोर गात असताना यांच्या कानात दुसरंच कुणीतरी गात होतं. तुम्ही तेच करताय, फक्त उठत नाही. शेवटपर्यंत बसता, सगळा वेळ गुणगुणता, आणि घरी परत जायच्या ऐवजी तिला शिव्या घालणाऱ्यांच्या घोळक्यात रात्री दोनपर्यंत उभे राहता.

तेव्हा बघायचं सोडू का, तर सरसकट सोडू नका. ते व्हिडिओ मात्र आजपासून बंद. भाग पन्नास मिनिटांचा आणि त्यावरची आगपाखड दोन तासांची. तुम्ही जेवढे चिडाल तेवढं त्यांचं मीटर पळतं. तुमचा राग तुमच्या गिरणीत दळा. भाग बघायचा तर रात्री जेवणाआधी एक, शॉपमधून आल्यावर, हातपाय धुऊन. नवी मालिका लावली की तीन भाग द्यायचे. तीन भागांत धरलं नाही तर सोडून द्यायची, जाहीरनामा न काढता. 'डिस्कव्हरी' तुम्हाला धरत नसेल तर तिचे ६५ भाग शिक्षा म्हणून बघायची गरज नाही. त्यापेक्षा २०२२ पासूनची 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' लावा. सीझन तिथंही दहाच भागांचा, पण बहुतेक भागांची गोष्ट त्याच भागात मिटते. सुटे जॉब परत आलेत. एक भाग अख्खा गाण्यांचा आहे, तो लागला की वैतागाल, मला माहीत आहे. मला आवडला. संगीत नाटकवाल्याची मुलगी आहे मी.

तिसऱ्या सीझनला तुम्हाला रडू आलं ते तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंत. मलाही आलं, कुठं ते सांगू? जुन्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे ते चालवायच्या खोलीत, सगळी म्हातारी मंडळी परत उभी राहतात आणि पिकार्ड म्हणतो की सगळ्यांत जास्त आठवण आली ती या गालिच्याची. गालिचा! माझ्या माहेरच्या घराची फरशी आठवली. पण भाऊ, तिसऱ्या सीझनमध्येही कथानकाला भोकं आहेत, मोजून दाखवू शकते. तुम्हाला ती दिसली नाहीत, कारण तुमचं सामान तुम्हाला परत मिळालं होतं. पुतण्याचं त्या जहाजावर काहीच सामान नाही. त्याला तिथं जुना गालिचा दिसला असेल.

आता त्याच्याकडं वळते.

शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघानं रिकामा गोल घालवला की गॅलरीतला माणूस पोराच्या सात पिढ्या उद्धारतो. पण 'हा आमचा संघच नाही' असं म्हणून कुणी पेठ बदललेली मी तरी बघितली नाही. पुढच्या सामन्याला तोच गडी त्याच पायरीवर. तुम्ही म्हणालात, 'ते स्टार ट्रेकच नाही.' आवडलं नाही म्हणालात असतात तर तो वाद होता. अर्धा तास रंगला असता, तुमच्या वहिनींनी श्रीखंड वाढून मिटवला असता. 'स्टार ट्रेकच नाही' म्हटल्यावर मात्र त्या पोराला बोलायला जागाच उरली नाही. तुम्ही त्याच्या आवडीला उंबऱ्याबाहेर उभं केलंत, तेही अशा घरात, जिथं त्याला पहिल्यांदा तुम्हीच उचलून आणलं होतं.

कारण बघा, तुम्हीच लिहिलंय की मांडीवर घेऊन दाखवायचात तेव्हा तो झोपायचा. तुमच्यानं झालं नाही. २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' आली तेव्हा तो असेल एकोणीसचा, कॉलेजात. कुणी सांगितलं नव्हतं, मांडी नव्हती, लांब कानवाला नव्हता. तरी त्यानं लावली आणि या वेळी झोपला नाही. तुम्हाला जे पंधरा वर्षं जमलं नाही ते त्या मालिकेनं केलं, जी तुम्हाला सहन होत नाही. आणि त्यानंतर तो दिवाळीला येऊन, भर पंगतीत, ती गोष्ट कुणाला सांगतो? तुम्हालाच. बापाला नाही, चुलत भावंडांना नाही. 'काका, मला डिस्कव्हरीच जास्त आवडते.' यात तुम्हाला आव्हान ऐकू आलं. मला तर पोरगं खिशातून काहीतरी काढून दाखवायला आल्यासारखं वाटलं.

पंचवीस वर्षांत शॉपमधल्या एकाही पोराला चारचौघांत बोललो नाही, हे वाक्य तुमचंच आहे. मी त्यात भर घालत नाही.

फोन करा. मेसेज नको, आणि वहिनींच्या मार्फत निरोप तर नकोच. एवढंच म्हणा: "दिवाळीत पंधरा माणसांत तुझी अक्कल काढली, ते माझं चुकलं." इथं थांबायचं. पुढं 'पण' येऊ द्यायचा नाही. 'चुकलं, पण तूही' किंवा 'चुकलं, पण ती मालिका' असं काही तोंडातून निघालं तर फोन न केलेला बरा. तो थोडा वेळ गप्प राहील, राहू दे. मग जेवतोस कुठं, गाडीचं काय झालं, हे बोला. मालिकेचा विषय पहिल्या फोनवर काढू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर एक गोष्ट विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिस्कव्हरी'चा चौथा सीझन यायला दोन दिवस उरले असताना अमेरिका-कॅनडाबाहेरच्या प्रेक्षकांना कळलं की तो त्यांना इतक्यात मिळणार नाही. आधीचे सीझनही काढून घेतले. व्यवहार कुणाचे, कंपन्या कुणाच्या, पोरं आपली वाट बघत बसलेली. तेव्हा त्याचं काय झालं ते विचारा. ऐकताना सल्ला देऊ नका. चाहता म्हणून फसवलं जाणं तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे असं तुम्ही समजून बसलायत.

मग सुट्टीला आला की एक रात्र ठरवा. एक भाग त्यानं निवडायचा, एक तुम्ही. त्याचा आधी. त्याचा चालू असताना तुम्ही गुणगुणायचं नाही, 'आमच्या वेळी' नाही, सुस्कारा नाही, मंडळींकडं बघून भुवई उडवणं नाही. संपल्यावर पहिलं बोलायचं त्यानं. मंडळींनाही बसवा. तीस वर्षं त्या स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकतायत आणि त्यांना कोण आवडतं हे तुम्ही कधी विचारलं नसणार. माझ्या अंदाजानं त्यांचं मत तुम्हा दोघांपेक्षा पक्कं निघेल.

तुमचा भाग कुठला लावायचा यावर मी जरा जास्तच विचार केला. बासरीचा तो भाग तुमच्या मनात असणार, मला ठाऊक आहे. नको. त्यात तुम्ही रडाल आणि पोराला तुमच्याकडं बघत बसावं लागेल. १९८९ सालचा खटल्याचा भाग लावा. पिकार्डच्या जहाजावरचा यंत्रमानव डेटा हा माणूस की मालमत्ता, यावर सुनावणी असते, आणि अधिकारी कमी म्हणून पिकार्डचा उजवा हात असलेल्या रायकरलाच आपल्या मित्राविरुद्ध वकिली करायला लावतात. नाही म्हटलं तर निकाल आपोआप मित्राच्या विरोधात जाणार. तो जीव तोडून वकिली करतो. भर सुनावणीत डेटाचा हात सुटा करून दाखवतो, मग त्याच्या पाठीशी जाऊन त्याचं बटण बंद करतो, आणि डेटा टेबलावर कोसळतो. पिकार्ड खटला जिंकतो. मेजवानी सुरू होते, रायकर तिकडं जात नाही, अंधारात बसून राहतो. डेटाच त्याला बोलवायला जातो. त्या दोघांचं तिथं जे दोन मिनिटांचं बोलणं होतं, त्याच्या आत चहाला उठू नका.

वयाचं विचारलंत. नवी मालिका लागली तेव्हा पॅट्रिक स्टुअर्ट ७९ वर्षांचे होते. त्या हिशेबानं तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात.

आणि एक. हा भाग आवडला म्हणून पुतण्या जर म्हणालाच, काका, सुरुवातीपासून लावूया, तर हुरळून जाऊन पहिला सीझन काढू नका. तुम्हा लोकांतच म्हणतात ना, रायकरला दाढी आली आणि मालिका सुधारली? दाढी दुसऱ्या सीझनला येते. पोराला दाढीनंतरचं दाखवा. पहिल्या सीझनचं विचारलं तर सांगा, त्या कॅसेटला बुरशी लागली.